गव्हातल्या मिठावर प्रोलिनची बाटली? (निफाडहून एक शंका)

गोदाकाठ
मंडळी, निफाड तालुक्यात पाटाच्या खालच्या अंगाला आमचं सव्वा एकराचं वावर आहे. उसाचा खोडवा मोडून यंदा तिथं गहू केला, वाण तपोवन. महिन्याचा झालाय. वरच्या अंगाला फुटवे बघत राहावेत असे. पाटाकडच्या अंगाला मात्र सात-आठ ठिकाणी डाग पडलेत. तिथलं रोप बुटकं, रंग निळसर, खालच्या पानांची टोकं करपलेली. दव सुकलं की मातीवर पांढरं फूल, म्हणजे पातळ खपली, येतं. चाखून पाहिलं, खारट लागलं. (हसू नका, वडीलही असंच बघायचे.)

माती तपासली. सामू (पीएच) ८.१, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या मिठाचं माप) १.९, सोडियमचा टक्का ८. शेजारी म्हणतो ईसी ४ च्या वर गेली तरच जमीन खारवट, तुझं काही नाही. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, "दादा, मिठात झाड प्रोलिन तयार करतं. तेच बाटलीतून दिलं की झाडाचे कष्ट वाचतात." ऐकायला पटतं. पण झाड स्वतःच बनवत असेल तर मी विकत का घेऊ? आणि हे प्रोलिन नेमकं करतं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निव्वळ_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

बापू_पिंपळगावकर
आधी बाटलीची किंमत सांग.

गोदाकाठ
बापू, लिटरला साडेआठशे. एकरी अर्धा लिटर, दोन फवारण्या.

बापू_पिंपळगावकर
मग ठीक, किडनी विकायची गरज नाही. तीस वर्षं द्राक्षात काढली. अमिनो, सीवीड, ह्युमिक, दर छाटणीला नवी बाटली आणि नवा पोरगा मोटारसायकलवर. पण मिठावरचा आमचा इलाज जमिनीखाली सापडला, डॉगरिजच्या खुंटावर कलम. फवाऱ्याने पान चकाकतं, एवढं मान्य करतो.

प्रयोगवही
मी जीवरसायन शिकवते, विद्यार्थ्यांकडून गव्हाच्या रोपांवर हाच प्रयोग करून घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिठाचा मार दोन टप्प्यांत बसतो. पहिला लगेच, काही तासांत. मातीतलं पाणी खारट झालं की मुळाला ते ओढणं जड जातं. वावर ओलं आणि झाड तहानलेलं. दुसरा मार दिवसा-आठवड्यांनी बसतो. सोडियम आणि क्लोराइड जुन्या पानांत साठत जातात आणि ती पानं टोकाकडून जळतात. गोदाकाठ यांनी लिहिलेली खालच्या पानांची टोकं ही दुसऱ्या टप्प्याची खूण वाटते.

पहिल्या मारावर झाडाचा उपाय म्हणजे पेशीतला रस घट्ट करायचा, म्हणजे पाणी आत ओढलं जातं. सोडियम तर फुकटच आलेला असतो, तो पेशीतल्या मोठ्या पोकळीत कोंडून ठेवतात. पण पोकळीबाहेर जिथे सगळी विकरं (एन्झाइम) काम करतात, तिथे सोडियम चालत नाही. पन्नासहून अधिक विकरांना पोटॅशियम लागतं आणि सोडियम त्याच्या जागी घुसून काम बिघडवतो. म्हणून त्या भागात निरुपद्रवी, पाण्यात सहज विरघळणारं काहीतरी भरावं लागतं. प्रोलिन हे अमिनो आम्ल तसं आहे. कितीही साठलं तरी विकरांना त्रास देत नाही. गहू आणि सातू यांच्याकडे ग्लायसिन बीटेन नावाचा दुसरा पदार्थही असतो. भाताला तो साठवता येत नाही, मिठापुढे भात लवकर हात टेकतो त्याचं हे एक कारण.

हे प्रोलिन बनतं ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो आम्लापासून. नाशिककरांना एका वाक्यात सांगायचं तर ग्लुटामेट म्हणजे आपला कायम गर्दीचा द्वारका चौक. झाडाने घेतलेलं नत्र बहुतेक इथूनच पुढे जातं. एक रस्ता ग्लुटामाइनकडे, एक ऑर्निथिन करत आर्जिनिनकडे, एक प्रोलिनकडे आणि एक गाबाकडे (हेही एक अमिनो आम्लच). एरवी वाहतूक सगळीकडे विभागलेली असते. मिठात प्रोलिनच्या रस्त्यावरचं पहिलं विकर, ज्याला पी-फाइव्ह-सी-एस म्हणतात, ते जोरात चालू होतं. प्रोलिन मोडणारं विकर मायटोकॉन्ड्रियात असतं, ते मंदावतं. आवक जास्त, जावक कमी, साठा वाढला. पाण्याच्या ताणात प्रोलिन साठतं हे पहिल्यांदा १९५४ मध्ये केंबल आणि मॅकफर्सन यांनी कोमेजलेल्या रायग्रासमध्ये दाखवलं. आम्ही अजून १९७३ ची बेट्सची पद्धत वापरतो. पान सल्फोसॅलिसिलिक आम्लात वाटायचं, निनहायड्रिन घालून तापवायचं, टोल्युइनमध्ये लाल रंग उतरतो, तो ५२० नॅनोमीटरवर मोजायचा. रंग गडद आला की मुलं टाळ्या वाजवतात.

गिरणारे_गावठी
ताई द्वारका चौक म्हणल्यावर सगळं समजलं. म्हणजे पुढं जायचा रस्ता नाहीच ना भो.

शंकासुर
प्रयोगवही ताई, मांडणी सुरेख आहे. पण टाळ्या वाजवण्याआधी तुमच्या मुलांना एक प्रश्न विचारा. प्रोलिन जास्त म्हणजे झाड तगडं, की झाड जास्त मार खातंय? ताप चढला म्हणजे शरीर लढतंय हे खरं, पण म्हणून १०४ ताप असलेल्याला आपण पैलवान म्हणत नाही.

सातूत आणि भातात असं दिसलेलं आहे की मिठाला नाजूक वाणांतच प्रोलिन जास्त साठतं. तगड्या वाणात सोडियम पानापर्यंत कमी पोचतो, त्याला प्रोलिनची तितकी गरजच पडत नाही. दुकानदार 'प्रोलिन' म्हणतो तेव्हा तो औषध विकतोय की थर्मामीटर, हे आधी ठरवा.

आता हिशेब. बाटलीवर अमिनो आम्लं २० टक्के असं लिहिलंय असं धरू. अर्ध्या लिटरला १०० ग्रॅम, सगळी अमिनो आम्लं मिळून. त्यात प्रोलिन फार तर १०-१५ ग्रॅम. एका एकरात ओला हिरवा पाला ४ टन धरा आणि ताणात प्रोलिन एका ग्रॅमला ५ मायक्रोमोल धरा. होतात २० मोल, म्हणजे सुमारे २.३ किलो. झाड स्वतः सव्वादोन किलो बनवतंय आणि आपण वरून १५ ग्रॅम शिंपडतोय. लग्नाच्या पंगतीला आहेर म्हणून एक लाडू.

निव्वळ_वाचक
पॉपकॉर्न संपले. दुसरा टब मागवला आहे.

कंपनीतला_माणूस
मी याच धंद्यात आहे, लपवत नाही. शंकासुर यांचा गुणाकार बरोबर, निष्कर्ष अर्धवट. पोट भरण्यापुरती मात्रा द्यायची असा आमचा दावाच नाही, तो इशारा असतो. सातूच्या मुळांवरचं २००५ आणि २००७ मधलं काम बघा. मीठ लागल्यावर मुळातून पोटॅशियम गळायला लागतं. बाहेरून अगदी थोडं प्रोलिन किंवा इतर काही अमिनो आम्लं दिली की ती गळती कमी होते, तीही मिनिटांत. रसाचा घट्टपणा बदलण्याइतकी ती मात्रा नव्हतीच.

आणि सगळेच फसवे नसतात. २०२१ पासून जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. अमिनो आम्लं आणि प्रथिनांचे विघटित घटक हा त्यातला एक स्वतंत्र गट आहे. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर घेऊच नका, हे मीच सांगतो.

शंकासुर
मुद्दा मान्य. पण ते मुळाच्या तुकड्यावर, द्रावणात बुडवून. इथे पानावर फवारा, थंडीत, मेणचट गव्हाच्या पानावर. प्रयोगशाळेत फवारणी करतात ती बहुधा १० ते ५० मिलिमोलच्या द्रावणाने. एकरी २०० लिटर पाण्यात ५० मिलिमोल करायचं तर एक किलोहून जास्त शुद्ध प्रोलिन लागेल. त्याची किंमत तुम्हीच सांगा.

कंपनीतला_माणूस
सांगत नाही. :)

सिन्नरची_सून
मला यातलं कळत नाही, पण एक विचारते. असल्या जमिनीतल्या गव्हाची पोळी खारट लागते का? आमच्या सासूबाई म्हणतात अमुक गावचा गहू "मुळातच चवीचा".

प्रयोगवही
सिन्नरची_सून, खारट नाही लागत. सोडियम पानांत आणि ताटात अडकतो, दाण्यात फार थोडा जातो. दाणा मात्र बारीक, सुरकुतलेला राहतो. पिठूळ भाग कमी भरल्यामुळे प्रथिनांचा टक्का कधीकधी उलट वाढलेला दिसतो. टक्का वाढला, पोतं हलकं झालं. सासूबाईंना यातलं काहीच सांगू नका.

शंकासुर, थर्मामीटरची उपमा मी उद्या वर्गात चोरणार आहे. तुमचं बरंचसं बरोबर आहे. प्रोलिन बनवणं महागही पडतं. एक रेणू बनवायला सुमारे ४१ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्ची पडतात, सोडियमचा एक आयन पोकळीत ढकलायला ३-४. म्हणजे झाड हौसेने प्रोलिन बनवत नाही. पण नुसती जखमेची खूण म्हणून ते सोडूनही देता येत नाही. ताण ओसरला की तोच साठा मोडून झाड नत्र आणि ऊर्जा परत वापरतं. आपत्कालीन मुदत ठेव म्हणा.

दुसरं म्हणजे सगळी चर्चा प्रोलिनवर चालली आहे आणि चौकातले बाकीचे रस्ते राहिले. मला स्वतःला गाबा जास्त रंजक वाटतो. मीठ लागलं की पेशीत कॅल्शियम उसळतो आणि ग्लुटामेटपासून गाबा करणारं विकर त्याच्या इशाऱ्यावर चालू होतं. गव्हावर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गटाचं २०२० चं काम आहे. मायटोकॉन्ड्रियातलं जे श्वसनाचं चक्र आपण अकरावीत पाठ करतो, त्यातली दोन मोठी विकरं मिठाने थेट मंदावतात. मग गहू गाबाच्या बाजूच्या वाटेने वळसा घेऊन पुन्हा त्याच चक्रात शिरतो. खालचा चौक तुंबला म्हणून वरचा उड्डाणपूल.

नत्राचंही बघा. क्लोराइड आणि नायट्रेट मुळाच्या दारात एकमेकांना ढकलतात, त्यामुळे नायट्रेट कमी आत येतं. आलेलं नायट्रेट वापरात आणणारं विकरही ढिलं पडतं. त्याच वेळी जुन्या पानांतली प्रथिनं मोडायला लागतात, त्यातून ल्युसिन, व्हॅलिन वगैरे सुटी अमिनो आम्लं वाढतात आणि अमोनिया मोकळा होतो. तो विषारी. त्याला पुन्हा बांधून ठेवायला ग्लुटामाइन, ॲस्परजिन, आर्जिनिन ही गोदामं. तेव्हा मिठातल्या पानात एकूण अमिनो आम्लं वाढलेली दिसली तर त्यात किती नवी बांधणी आणि किती मोडतोडीचा ढिगारा, हे वेगळं काढावं लागतं. नुसत्या एका आकड्यावर वाण निवडू नये.

पाव_बटर
ॲस्परजिन शब्द वाचून जागा झालो. बेकरी आहे माझी, नाशिकरोडला. टोस्ट जास्त लाल भाजला की ॲक्रिलामाइड होतं ते यातूनच ना? जमिनीत मीठ म्हणून माझ्या टोस्टमध्ये गडबड?

प्रयोगवही
यातूनच. मोकळं ॲस्परजिन, साखर आणि जास्त उष्णता एकत्र आली की होतं. खाद्यपदार्थांत ते असतं हे २००२ मध्ये स्वीडनमधून जगाला कळलं. पण गव्हात ॲस्परजिन भरमसाट वाढवणारा सगळ्यात मोठा घटक म्हणजे गंधकाची कमतरता. गंधक नाही तर प्रथिनं नीट बनत नाहीत, नत्र ॲस्परजिनच्या रूपात दाण्यात पडून राहतं. तुम्ही टोस्ट सोनेरीवर काढा, काळजी मिटली.

पाव_बटर
गिऱ्हाईक लालच मागतं. असो.

घोटीचा_भात
अवांतर करतो, माफी. आमच्याकडे इगतपुरी-घोटीला इंद्रायणी. भाताला खारं पाणी लागलं की वास वाढतो असं कोकणातला मेहुणा सांगतो. थापा का?

प्रयोगवही
अवांतर मुळीच नाही, आपण चौकातच आहोत. सुवासिक तांदळाचा वास ज्या रेणूचा, तो प्रोलिन-गाबाच्या याच वाटांवर तयार होतो. साध्या भातात एक विकर आधीचा पदार्थ गाबाकडे पाठवून मोकळं होतं. बासमतीत, जास्मिनमध्ये त्या विकराचं जनुक मोडकं आहे, म्हणून तो माल साठतो आणि त्याचा वास बनतो. सौम्य खारेपणात सुवासिक भातात हा वास वाढलेला काही प्रयोगांत मिळाला आहे, उत्पादन मात्र पडतं. मेहुण्यांना निम्मे गुण. निव्वळ_वाचक यांच्यासाठी खास माहिती, ताज्या पॉपकॉर्नचा वास हा अगदी तोच रेणू.

निव्वळ_वाचक
धन्य झालो. पहिल्यांदाच माझा प्रतिसाद विषयाला धरून निघाला.

बापू_पिंपळगावकर
प्रोलिनचं आणखी एक. आमच्या पोराने वायनरीत नोकरी केली तेव्हा सांगायचा, द्राक्षाच्या रसात प्रोलिन भरपूर असतं आणि यीस्ट त्याला हातच लावत नाही, सगळं वाइनमध्ये तसंच उतरतं. म्हणजे अमिनो घ्यायचंच तर बाटली दुसरी घ्या.

प्रयोगवही
बापू, रसायनशास्त्र अचूक आहे. प्रोलिन मोडायला यीस्टला ऑक्सिजन लागतो आणि बंद टाकीत तो नसतो. सल्ल्याची जबाबदारी तुमची.

गिरणारे_गावठी
निफाडच्या थंडीत पण झाड प्रोलिन करतं म्हणं. मग गोदाकाठभाऊंचं आपोआपच झालं की फुकटात.

काळी_रेघ
उशिरा आलो. बावीस वर्षं माती परीक्षणात होतो, आता निवृत्त. चर्चा द्वारकेवरून पॉपकॉर्नपर्यंत गेली, पण अहवालाकडे कोणी पाहिलंच नाही.

गोदाकाठ, तुमची १.९ ही ईसी कशातली? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून मोजतात. शेजारी म्हणतो तो ४ चा आकडा संपृक्त लगद्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. दोन वेगळ्या पट्ट्या. भारी काळ्या जमिनीत आपला आकडा ढोबळमानाने तिप्पट धरला तर त्या पट्टीवर तो पावणेसहाच्या आसपास जातो. गव्हाचं उत्पादन त्याच पट्टीवर ६ च्या पुढे घसरू लागतं, मक्याचं १.७ लाच, भाताचं ३ ला, सातूचं ८ ला. म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात आणि शेजारी म्हणतो घर लांब आहे.

दुसरं. नमुना कसा घेतला? डागातला वेगळा की सगळ्या वावराचा मिसळून?

गोदाकाठ
काका... मिसळून. दहा ठिकाणची माती एका घमेल्यात.

काळी_रेघ
मग तो अहवाल कुठल्याच मातीचा नाही. एक पाय बर्फात आणि एक चुलीत, सरासरी कोमट. डागातला एक, चांगल्या अंगाचा एक, असे दोन नमुने पुन्हा दे. वरची पांढरी खपली त्यात घेऊ नकोस. आणि डागाशेजारी हात-दीड हात खड्डा खणून पाणी किती वर आलंय ते बघ.

शंकासुर
हे खरं उत्तर. बाकी आम्ही सगळे ताप मोजत बसलो होतो.

बापू_पिंपळगावकर
जिप्सम टाक म्हणायला आलो होतो.

काळी_रेघ
बापू, थांबा. जिप्सम चोपण जमिनीला, जिथे मातीच्या कणांवरच सोडियम चिकटून बसलेला असतो, सोडियमचा टक्का १५ च्या वर आणि सामू ८.५ च्या वर. याचा टक्का ८ आहे. ही खारवट आहे, चोपण नाही. हिला गोडं पाणी आणि निचरा लागतो. नवे आकडे बघून मग बोलू.

गोदाकाठ (नऊ दिवसांनी)
नवे अहवाल आले. डागातली ईसी ३.८, वरच्या अंगाची ०.६. सोडियमचा टक्का डागात ११. खड्ड्यात सव्वादोन फुटांवर पाणी लागलं, आणि तेही पाटाला पाणी सुटल्यावर चार बोटं वर चढलं.

काळी_रेघ
झालं, चोर सापडला. पाट पाझरतोय. खालचं पाणी वर चढतं, उन्हाने उडून जातं, मीठ वरती राहतं. उसाला वर्षभर पाणी दिलं त्यानेही भर पडली. पाटाच्या कडेने खोल चर काढ आणि नाल्याला जोड. चर नसताना नुसतं पाणी भरलंस तर आहे ते मीठ फिरून वर येईल. पाटाचं पाणी गोडं आहे, चर झाल्यावर तेच पाणी मीठ धुवायला कामी येईल.

प्रयोगवही
डागातली ३.८ तिप्पट करून साडेअकराच्या जवळ जाते. ६ च्या पुढे प्रत्येक एककाला गहू सुमारे ७ टक्के घटतो असं धरलं तर डागात उत्पादन साधारण ३८ टक्के कमी. वरच्या अंगाला काहीच घट नाही. डागांचं क्षेत्र किती आहे?

गोदाकाठ
सगळे मिळून सहा गुंठे असतील.

शंकासुर
म्हणजे सहा गुंठ्यांच्या दुखण्यासाठी सव्वा एकराला फवारा.

प्रयोगवही
पुढच्या रब्बीत त्या पट्ट्यात वाण बदलून बघता येईल. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे के.आर.एल. १९ आणि के.आर.एल. २१० हे गहू खाऱ्या जमिनीसाठीच काढलेले आहेत. राजस्थानातल्या पाली भागातला जुना खर्चिया गहू तर या कामातला आजोबा. मात्र ते वाण तिकडच्या लांब थंडीचे, आपल्याकडे आधी दोन ओळी लावून पाहा, कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात विचारा. या वाणांचं बळ प्रोलिनपेक्षा सोडियम पानापासून लांब ठेवण्यात जास्त आहे. जंगली नातेवाइकाकडचं असंच एक जनुक कठीण (ड्युरम) गव्हात आणलं, तेव्हा ऑस्ट्रेलियात खाऱ्या वावरात २५ टक्के जास्त उत्पादन आलं, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालंय. त्या जनुकाचं काम एवढंच, मुळातून वर चढणारा सोडियम वाटेत काढून घ्यायचा. किंवा सरळ त्या पट्ट्यात सातू पेरा.

कंपनीतला_माणूस
मीही हेच म्हणेन. निचऱ्याला बाटली पर्याय नाही. (साहेबांनी हा धागा वाचू नये.)

गोदाकाठ
चर परवापासून काढतोय, जेसीबी सांगितलाय. बाटली न फोडताच परत केली. दुकानदार रागावला नाही. दोन्ही अहवालांचे फोटो मात्र काढून घेतले, त्याच्या भावाचं वावर याच पाटाखाली आहे, अर्धा किलोमीटर पुढं.

सिन्नरची_सून
दादा, सातू केलात तर दोन पायल्या सांगून ठेवा. सातूच्या पिठाला चांगला गावठी सातू हल्ली मिळतच नाही.

गोदाकाठ
ताई, आधी मीठ धुऊन निघू द्या. पायली तुमची.